वेस्टब्रूकचा पगार आणि सव्वापटीचं गणित

2017 च्या उन्हाळ्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत एनबीएमधल्या चार खेळाडूंनी नव्या करारांवर सह्या केल्या. गोल्डन स्टेटचा स्टेफ करी, ह्यूस्टनचा जेम्स हार्डन, वॉशिंग्टनचा जॉन वॉल आणि ओक्लाहोमा सिटीचा रसेल वेस्टब्रूक. एवढी रक्कम बास्केटबॉलमध्ये तोवर कुणी पाहिली नव्हती. या कराराचं नाव पडलं ‘सुपरमॅक्स’. हेतू सरळ होता: ज्या संघानं खेळाडू घडवला, त्याच संघात तो राहावा. चौघांपैकी करी राहिला. उरलेल्या तिघांना त्यांच्या संघांनी करार लागू झाल्यापासून दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आतच दुसरीकडे पाठवलं, आणि त्यातल्या दोघांची तर एकमेकांशीच अदलाबदल झाली.

वेस्टब्रूकच्या बाबतीत हे कसं घडलं, ते नीट सांगायला हवं. त्याच्यावर एवढं बोललं गेलं आणि त्याची एवढी थट्टा झाली, की मूळ हिशेब मागेच पडला. माझं म्हणणं असं, की 2019 पासून 2023 पर्यंत या संघाकडून त्या संघाकडे फिरत राहिला तो एक आकडा होता. माणूस त्या आकड्यामागे फरफटत गेला.

सुरुवात वेस्टब्रूकचा तेव्हाचा संघसोबती केव्हिन ड्युरांट याच्यापासून करावी लागते. 2016 च्या मे महिन्यात ओक्लाहोमा सिटी थंडर गोल्डन स्टेटविरुद्ध 3-1 नं पुढे होती आणि मालिका हरली. 4 जुलैला ड्युरांटनं जाहीर केलं, की तो त्याच गोल्डन स्टेटकडे जातोय. आधीच्या हंगामात विक्रमी 73 सामने जिंकलेल्या संघाला ड्युरांटसारखा खेळाडू परवडला कसा? 2014 मध्ये एनबीएनं टीव्ही वाहिन्यांशी नऊ वर्षांचा, सुमारे 2400 कोटी डॉलरचा करार केला होता. तो पैसा 2016 मध्ये यायला लागला आणि प्रत्येक संघाच्या पगाराची मर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप, एका उन्हाळ्यात 7 कोटी डॉलरवरून 9.4 कोटींवर गेली. वाढ टप्प्याटप्प्यानं व्हावी असा लीगचा प्रस्ताव होता, खेळाडूंच्या संघटनेनं तो नाकारला. त्या एका उडीत गोल्डन स्टेटला जागा मिळाली.

छोट्या शहरांतले मालक हादरले. ओक्लाहोमा सिटीसारख्या गावानं आठ वर्षं जपलेला खेळाडू एका सकाळी निघून जातो, मग त्यांनी संघ चालवायचा कशाला? 2017 पासून लागू झालेल्या नव्या सामूहिक करारात त्यावर उपाय आला, तोच सुपरमॅक्स. सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवलेला किंवा वर्षाच्या सर्वोत्तम संघांत निवडला गेलेला खेळाडू आपल्याच संघात राहिला, तर त्याचा पगार कॅपच्या 35 टक्क्यांपासून सुरू होईल आणि दरवर्षी पहिल्या वर्षाच्या पगाराच्या आठ टक्क्यांनी वाढेल. दुसरा कुठलाही संघ त्याला एवढं देऊ शकणार नाही.

ड्युरांट गेला त्या वर्षी वेस्टब्रूक थांबला. पुढच्या हंगामात त्यानं सरासरी 31.6 गुण, 10.7 रिबाउंड आणि 10.4 असिस्ट केले. अख्ख्या हंगामाची सरासरी तिन्ही बाबतींत दोन आकडी, ज्याला तिथे ट्रिपल-डबल म्हणतात, ही कामगिरी त्याआधी एकट्या ऑस्कर रॉबर्टसननं 1961-62 मध्ये केली होती. एका हंगामात 41 ट्रिपल-डबलचा रॉबर्टसनचा विक्रमही त्यानं मोडला, 42 केले. सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच मिळाला. 29 सप्टेंबर 2017 ला, ड्युरांटच्या वाढदिवशीच, त्यानं पाच वर्षांच्या 20.5 कोटी डॉलरच्या करारावर सही केली. शहरानं जल्लोष केला. त्या दिवशी हा करार कुणाला अवाढव्य वाटला नाही, आणि आजही मला त्यात सही करणाऱ्याचा दोष दिसत नाही. समोर ठेवलेला कागद लीगनंच तयार केला होता.

रॉबर्टसनचं नाव इथे केवळ विक्रमापुरतं येत नाही. 1965 पासून तो खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष होता. त्या काळी करार संपला तरी खेळाडू संघाच्याच मालकीचा राहायचा. संघ विकेल तिकडे जायचं, नाहीतर घरी बसायचं. 1970 मध्ये रॉबर्टसननं लीगवर खटला भरला. तो सहा वर्षं चालला, एनबीए आणि एबीए या दोन लीगचं विलीनीकरण त्यामुळे अडून राहिलं, आणि 1976 च्या तडजोडीनं खेळाडूला संघ बदलायची वाट मिळाली. पगार वाढू लागले. मालकांना लगाम हवा होता. 1984-85 च्या हंगामात सॅलरी कॅप आली, तेव्हा ती संघामागे 36 लाख डॉलर होती. वेस्टब्रूकचे 20.5 कोटी रॉबर्टसनच्या त्या खटल्यातून उगवले, एवढं लक्षात ठेवलं म्हणजे पुढे 2021 मध्ये रॉबर्टसनचा आणखी एक विक्रम वेस्टब्रूकनं मोडला, त्याची खरी किंमत कळते.

आता नियम. आयपीएलमध्ये लिलावासाठी संघाला ठरावीक रक्कमच खर्च करता येते आणि ती संपली की संपली. एनबीएची कॅप तशी कडक नाही. आपल्याच खेळाडूला राखण्यासाठी संघ ती ओलांडू शकतो आणि बहुतेक चांगले संघ ओलांडतातच. पण एकदा ओलांडली की बाहेरचा मोठा खेळाडू विकत घेता येत नाही. अदलाबदलीतूनच आणावा लागतो. त्या काळी अशा संघांना मोठ्या अदलाबदलीत जेवढा पगार बाहेर जाईल त्याच्या सव्वापट अधिक एक लाख डॉलर, एवढाच पगार आत घेता येत असे. म्हणजे 4 कोटींचा खेळाडू हवा तर साधारण 3.2 कोटींचे खेळाडू द्यायला हवेत. छोट्या करारांची मोळी बांधा, नाहीतर तेवढाच मोठा एकच करार समोर ठेवा. करार हमीचे असतात, खेळाडू जखमी झाला तरी पगार चालूच, आणि काही मोजके अपवाद सोडले तर कुणाला कुठे पाठवायचं हे विचारायची संघाला गरज नसते.

2019 च्या जुलैमध्ये थंडरनं संघातला दुसरा मोठा खेळाडू पॉल जॉर्ज याला लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे पाठवलं, त्याच्याच इच्छेनं. बदल्यात आलेल्या शे गिल्जस-अलेक्झांडरनं पुढे 2025 मध्ये थंडरला अजिंक्यपद मिळवून दिलं, पण तेव्हा तो एक होतकरू पोरगा होता आणि थंडर मोडीत निघालेला संघ होता. वेस्टब्रूकला आता थांबण्यात अर्थ उरला नाही. पण त्याचा 3.85 कोटींचा पगार घेणार कोण? ज्याच्याकडे तसलाच एक करार अडकून पडलाय, तोच. ह्यूस्टनकडे चौतीस वर्षांचा ख्रिस पॉल होता, 2018 मध्ये चार वर्षांसाठी 16 कोटींवर सही केलेला. पगार जवळपास सारखेच होते. ह्यूस्टनचा महाव्यवस्थापक डॅरिल मोरी यानं वर पहिल्या फेरीचे दोन ड्राफ्ट पिक, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतल्या दोन पाळ्या, आणि दोन वेळा क्रम बदलून घेण्याचे हक्क दिले. पॉलचा करार लीगमधला सगळ्यात वाईट करार आहे, असं तेव्हा जाणकार उघडपणे लिहीत होते. त्या पॉलनं ओक्लाहोमा सिटीच्या पोरांना घेऊन 44 सामने जिंकले, पुढच्या वर्षी फिनिक्सला थेट अंतिम फेरीत नेलं. वाईट ठरवलेल्या करारामागचा माणूस अजून खेळू शकतो, हे तिथेच दिसलं होतं. पण तो धडा लीगनं पॉलपुरताच घेतला.

ह्यूस्टनमध्ये वेस्टब्रूकनं सरासरी 27.2 गुण केले. त्याला वाट मोकळी मिळावी म्हणून संघानं उंच सेंटर क्लिंट कपेला देऊन टाकला आणि सगळे बुटके खेळवले. मग करोना आला. ऑर्लँडोच्या बंदिस्त स्पर्धेआधी वेस्टब्रूकला स्वतःला लागण झाली, वर मांडीचा स्नायू दुखावला. लेकर्सनी दुसऱ्या फेरीत ह्यूस्टनला 4-1 नं हरवलं.

याच वर्षानं त्याच्या पगाराचा आकडा राक्षसी केला, आणि त्यात त्याचा हात नव्हता. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये मोरीनं हाँगकाँगच्या आंदोलकांच्या बाजूनं एक ट्वीट केलं. चीननं प्रक्षेपणं थांबवली, प्रायोजक मागे सरले. पाठोपाठ महामारीनं स्टेडियम रिकामी केली. दरवर्षी वाढत जाणार म्हणून गृहीत धरलेली कॅप 10.9 कोटींवर गोठली, आणि 2021-22 मध्येही 11.2 कोटींपर्यंतच पोहोचली. पण सुपरमॅक्सचे आठ टक्के कुणासाठी थांबत नव्हते. 35 टक्क्यांपासून निघालेला वेस्टब्रूकचा पगार त्या वर्षी कॅपच्या 39 टक्क्यांहून थोडा जास्त झाला. करार होता तसाच होता; भोवतालचा पैसा आटला होता.

2 डिसेंबर 2020 ला ह्यूस्टननं त्याला वॉशिंग्टनला दिलं आणि जॉन वॉल घेतला. वॉशिंग्टननं वर पहिल्या फेरीचा एक पिक दिला, त्याला अटी लावून. वेस्टब्रूकचा त्या वर्षीचा पगार 4.14 कोटी, वॉलचा 4.13 कोटी. शेवटचं वर्ष दोघांचंही 2022-23, आणि ते घ्यायचं की सोडायचं हे ठरवायचा हक्क दोघांचाही. कागदावर हे दोन करार जुळे भाऊ होते.

वॉलबद्दल इथे थांबायलाच हवं. 2010 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर वॉशिंग्टननं निवडलेला हा मुलगा दहा वर्षं त्या शहराचा होता. 2019 च्या सुरुवातीला टाचेची शस्त्रक्रिया झाली. त्यातून उठायच्या आतच घरात पाय घसरला आणि टाचेच्या वरची मोठी कंडरा तुटली. 2019-20 चा पूर्ण हंगाम तो खेळला नाही. 2019 च्या डिसेंबरात त्याची आई कर्करोगानं गेली. त्या दिवसांत आपण आत्महत्येच्या विचारापर्यंत पोहोचलो होतो, असं त्यानं 2022 मध्ये स्वतः लिहिलं. अशा माणसाला त्याचं एकमेव शहर सोडायला लागलं, कारण त्याच्या पगाराएवढाच दुसरा पगार ह्यूस्टनमध्ये पडून होता. ह्यूस्टनमध्ये तो 40 सामने खेळला, सरासरी वीसच्या वर गुण केले. पुढच्या वर्षी संघ कोवळ्या पोरांना घडवायला निघाला आणि दोन्ही बाजूंनी ठरवलं, की वॉल खेळणारच नाही. धडधाकट खेळाडू अख्खं वर्ष बसून राहिला आणि 4.4 कोटी डॉलर घेत राहिला. लोकांना ते पैसे दिसले. एकतीस वर्षांच्या खेळाडूचं एक अख्खं वर्ष वाया गेलं, ते मात्र कुणाच्या हिशेबात आलं नाही.

वेस्टब्रूक वॉशिंग्टनमध्ये फुलला. 17-32 अशा गाळात गेलेला संघ 34-38 वर आला आणि प्लेऑफला पोहोचला. 10 मे 2021 ला अटलांटाविरुद्ध त्यानं कारकिर्दीतला 182 वा ट्रिपल-डबल केला. रॉबर्टसनचे 181 मागे पडले. ज्याच्या खटल्यानं खेळाडूंना दाम मिळवून दिला, त्याचा विक्रम अशा खेळाडूनं मोडला, ज्याला तेव्हा सगळे ‘सर्वात महाग ओझं’ म्हणून ओळखू लागले होते. मला ती रात्र त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी वाटते.

मग लॉस एंजेलिसचा लेकर्स संघ. वेस्टब्रूक त्याच शहराच्या परिसरात वाढला, कॉलेजही यूसीएलए. घरी यायचा मोह त्याला होता. लेकर्सच्या लेब्रॉन जेम्स आणि अँथनी डेव्हिस या दोघांनाही तिसरा मोठा खेळाडू हवा होता. सॅक्रामेंटोच्या बडी हील्डसाठी, म्हणजे एका भरवशाच्या नेमबाजासाठी, बोलणी जवळजवळ पक्की झाल्याचं तेव्हा छापून आलं होतं. जुलै 2021 च्या ड्राफ्टच्या दिवशी लेकर्सनी तोंड वेस्टब्रूककडे फिरवलं.

त्या सौद्याची बेरीज जवळून बघण्यासारखी आहे. वेस्टब्रूकचा त्या हंगामाचा पगार 4.42 कोटी. लेकर्सकडे कायल कुझ्माचे सुमारे 1.3 कोटी आणि केंटेव्हियस कॉल्डवेल-पोपचे तेवढेच, मिळून 2.6 कोटी. त्याची सव्वापट 3.25 कोटी, म्हणजे अजून बरंच कमी. मग माँट्रेझ हॅरेल. त्याच्या करारात पुढचं वर्ष घ्यायचं की नाही हे त्याच्या हातात होतं. त्यानं ते घेतलं तरच त्याचे 97 लाख या बेरजेत धरता येत होते. त्यानं घेतलं. एकूण 3.57 कोटी, सव्वापट 4.46 कोटी. बसलं, काठोकाठ. वर 22 वा ड्राफ्ट पिक गेला. 2020 चं अजिंक्यपद जिंकताना कॉल्डवेल-पोप आणि कुझ्मा संघात होते, आणि आता हे दोघे गेले. कॅपच्या बऱ्याच वर गेलेल्या संघाला भरावा लागणारा लक्झरी कर एवढा चढला, की ॲलेक्स कारूसोसारखा बचावपटूही लेकर्सनी शिकागोला जाऊ दिला. एका करारासाठी चार खेळाडू गेले. राहिलेल्या जागा किमान वेतनावर येणाऱ्या, वय झालेल्या खेळाडूंनी भरल्या.

संघ 33-49 वर संपला. तीन तारे एकत्र खेळले ते 21 सामने. लेब्रॉन 56 खेळला, डेव्हिस 40, आणि वेस्टब्रूक 82 पैकी 78. तो त्यांच्यात बसत नव्हता, हे खरं. त्याला चेंडू हातात लागतो, लेब्रॉनलाही लागतो. बाजूला उभं राहून तीन गुणांचे नेम मारणं त्याला कधीच जमलं नाही, आणि हे लेकर्सना सौदा करायच्या आधीपासून ठाऊक होतं. तरी अपयशाचं खापर फुटलं ते रोज मैदानात उतरणाऱ्यावर. प्रेक्षक त्याच्या आडनावातल्या ‘ब्रूक’चं ‘ब्रिक’ करून ओरडायचे. बास्केटबॉलमध्ये चुकलेल्या नेमाला वीट म्हणतात. मार्च 2022 मध्ये त्यानं पत्रकारांपुढे सांगितलं, की हे आडनाव त्याच्या मुलांचंही आहे आणि घरच्यांना आता सामन्याला यावंसं वाटत नाही. असं बोलायला धैर्य लागतं.

जून 2022 मध्ये त्यानं शेवटचं वर्ष घेतलं: 4.7 कोटी डॉलर. कोण सोडेल? तेवढे पैसे त्याला त्या उन्हाळ्यात दुसरीकडे कुठेही मिळाले नसते. आता हा करार लेकर्सच्या गळ्यात होता, पण त्याची एक नवी किंमतही तयार झाली होती. एका वर्षात संपणारा मोठा करार दुसऱ्या संघाला हवा असतो. तो संपला की त्यांची पगाराची जागा मोकळी होते. इंडियानानं माइल्स टर्नर आणि तोच बडी हील्ड देऊ केले, पण पहिल्या फेरीचे 2027 आणि 2029 चे दोन्ही पिक मागितले, अशा बातम्या आल्या. लेकर्स दोन्ही सोडायला तयार झाले नाहीत. नवे प्रशिक्षक डार्विन हॅम यांनी वेस्टब्रूकला बेंचवरून खेळवायला सुरुवात केली, आणि त्यानं ते स्वीकारलं.

7 फेब्रुवारी 2023 ला लेकर्सच्या घरच्या मैदानात लेब्रॉननं करीम अब्दुल-जब्बारच्या 38,387 गुणांचा विक्रम मोडला. समोर ओक्लाहोमा सिटी, वेस्टब्रूकचा पहिला संघ. तिसऱ्या क्वार्टरच्या अखेरच्या सेकंदांत वेस्टब्रूकनं चेंडू लेब्रॉनकडे दिला, लेब्रॉन मागे झुकला आणि नेम बसला. सामना थांबला, करीम मैदानात आले, चेंडू हातात दिला गेला. ऐतिहासिक बास्केटचा असिस्ट वेस्टब्रूकच्या नावावर लागला. दुसऱ्याच दिवशी लेकर्सनी त्याला युटाकडे पाठवायचं ठरवलं. तीन संघांच्या या व्यवहारात त्यांना डी'अँजेलो रसेल, मलिक बीझली आणि जॅरेड व्हँडरबिल्ट मिळाले. 2027 चा एक पिक गेला. सव्वापटीच्या नियमानं एकात गोळा केलेला पगार पुन्हा तिघांत सुटा झाला.

9 फेब्रुवारीला, व्यवहारांच्या शेवटच्या दिवशी, त्यावर सही झाली आणि आणखी एक अदलाबदलही झाली. जॉन वॉल तोवर ह्यूस्टनकडून हिशेब मिटवून क्लिपर्सकडे आला होता. क्लिपर्सनी त्याला त्याच ह्यूस्टनला परत धाडलं आणि ह्यूस्टननं लगेच सोडून दिलं. जुळ्या करारांचे दोघे मालक एकाच दिवशी व्यवहारात गेले. युटासाठी वेस्टब्रूक एक मिनिटही खेळला नाही. उरलेल्या पगाराची तडजोड झाली आणि दोन आठवड्यांनी तो क्लिपर्सकडे आला, वॉलनं मोकळ्या केलेल्या जागी.

13 व्या स्थानावरचे लेकर्स सुट्या झालेल्या पगारातून आलेल्या माणसांसह पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत गेले. तिथे डेन्व्हरनं त्यांना 4-0 नं झोपवलं. डेन्व्हरच्या पहिल्या पाचांत कॉल्डवेल-पोप होता. वॉशिंग्टननं त्याला पुढे डेन्व्हरला दिलं होतं, आणि त्यानं दुसरं अजिंक्यपद जिंकलं.

वेस्टब्रूकचा सामना त्याआधीच पहिल्या फेरीत झाला होता, फिनिक्सविरुद्ध, ज्या संघात ड्युरांटही होता आणि ख्रिस पॉलही. 16 एप्रिलला पहिल्या सामन्यात त्यानं 19 नेमांपैकी फक्त तीन मारले. पण 11 रिबाउंड घेतले, आणि निसटती आघाडी टिकवायची असताना शेवटच्या सेकंदांत दोन फ्री थ्रो टाकले. मग फिनिक्सचा डेव्हिन बुकर बास्केटकडे झेपावला. वेस्टब्रूकनं त्याचा फटका अडवला, चेंडू हातात आला, तो स्वतः तोल जाऊन मैदानाबाहेर पडत होता, आणि पडता पडता त्यानं चेंडू बुकरच्या अंगावर आपटून बाहेर घालवला. चेंडू क्लिपर्सचा. 115-110. मालिका क्लिपर्स 4-1 नं हरले, पण तिसऱ्या सामन्यात त्यानं 30 गुण केले आणि चौथ्यात 37.

उन्हाळ्यात क्लिपर्सनी त्याच्याशी दोन वर्षांचा करार केला. पहिल्या वर्षाचा पगार सुमारे 38 लाख डॉलर, म्हणजे आदल्या वर्षाच्या बाराव्या हिश्श्याहूनही कमी. त्या हंगामात तो 68 सामने खेळला.